तळघरातली मोजणी

इस्पितळात काम करणाऱ्या माणसाला खालच्या मजल्यावर पाठवलं, की बाकीचे त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागतात. सिस्टरला तळघरात पाठवलं तेव्हा वरचे सगळे दोन दिवस कुजबुजत होते. एकोणीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेली बाई. तीनदा उत्तम परिचारिकेचं बक्षीस मिळालेली. लिफ्टशेजारच्या भिंतीवर काचेत तिचा फोटो. आणि ती आता शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, मोजून, वाफेच्या यंत्रात घालायच्या खोलीत बसणार. त्या खोलीला वरचे लोक भांडीघर म्हणायचे, म्हणजे सिस्टर आता भांडी घासणार.

इस्पितळात सिस्टर पन्नासएक होत्या, पण नुसतं सिस्टर म्हटलं की ही. थिएटरातले डॉक्टर पाठीमागे तिला 'मशीन' म्हणायचे, आणि हे तिच्या कानावर आलं तेव्हा ती आठवडाभर खूश होती. मशीन म्हटल्यावर खूश होणाऱ्या माणसाला काय म्हणावं? पण तिला हसण्यात अर्थ नाही, आपण सगळे त्यातलेच. 'काय राबतो हो हा माणूस' असं कुणी म्हटलं की आपली मान ताठ होते, आणि 'काय निवांत असतो हो' म्हटलं की ते आपल्याला दिवसभर लागून राहतं.

तर ही सिस्टर राबायची. अकरा वर्षांत तिने एकही रजा पूर्ण घेतली नव्हती. कुणी आजारी पडलं की तिची पाळी सिस्टरकडे, कुणाच्या घरी लग्न निघालं की सिस्टरकडे, नवा डॉक्टर घाबरट निघाला की त्याच्या शेजारी सिस्टर. तिचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा, संध्याकाळी वेळेवर घरी यायचा आणि तिच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट उचलून पुन्हा आत ठेवायचा. तो म्हणायचा, अगं, फ्रिजसुद्धा मधूनमधून गप्प बसतो, म्हणून तर टिकतो. सिस्टरला असले विनोद ऐकायलाही सवड नसायची.

मग ते सुरू झालं. आधी जेवणाची चव गेली. मग इस्पितळाच्या आवारात स्कूटर लावल्यावर ती पंधरा पंधरा मिनिटं तशीच सीटवर बसून राहायला लागली. एकदा नवऱ्याने शर्टाचं बटण तुटलंय एवढंच सांगितलं, तर ती हमसून हमसून रडली. त्याने तो शर्टच टाकून दिला, बिचाऱ्याला दुसरं काही सुचेना. शेवटी डॉक्टरांनी सहा आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली आणि त्यानंतर सहा महिने हलकं काम. थिएटर नाही, रात्रपाळ्या नाहीत. म्हणून तळघर.

एवढं सगळ्यांना माहीत होतं. कुणालाच माहीत नव्हती अशी एक गोष्ट मात्र सिस्टर सात महिने पोटात घेऊन हिंडत होती.

रजेवर जाण्याआधीच्या आठवड्यात एका बाईंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. पोट शिवून बंद करण्याआधी रक्त टिपायला वापरलेल्या गॉजच्या घड्या मोजायच्या असतात. जेवढ्या घेतल्या तेवढ्या बाहेर आल्याच पाहिजेत. ही मोजणी सिस्टर करायची, आणि समोर उभी असलेली धाकटी सिस्टर तिच्याबरोबर मोजायची. त्या दिवशी सिस्टरने तीस म्हटलं, धाकटीने तीस म्हटलं, सिस्टरने सही केली आणि पोट शिवलं गेलं. दुपारी हात धुताना सिस्टरच्या ध्यानात आलं, की आपल्याला ती मोजणी आठवतच नाही. एकही घडी डोळ्यांपुढे येईना. तोंडातून तीस निघालं ते मोजून निघालं, की तीस घेतल्या होत्या म्हणून सवयीने निघालं, हे तिचं तिलाच सांगता येईना.

ती धावत गेली, पण थिएटरातला कचरा तोवर जाळायला गेला होता. धाकटीवर भरवसा ठेवावा, तर धाकटी सिस्टरच्या शब्दाबाहेर कधी गेलेलीच नव्हती. सिस्टरने तीस म्हटल्यावर त्या पोरीने एकोणतीस मोजल्या असत्या, तरी स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घेतला असता. सिस्टर मूग गिळून बसली. ऑपरेशन झालेल्या बाई सहाव्या दिवशी हसत घरी गेल्या. दर सकाळी उठल्या उठल्या सिस्टरच्या मनात पहिला आकडा यायचा तो तीस.

तळघरातल्या खोलीचे प्रमुख होते मास्तर. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण प्रत्येक हत्याराचं नाव ते मोठ्याने घ्यायला लावत, म्हणून मास्तर. एकतीस वर्षं ते त्याच खोलीत होते आणि एकतीस वर्षांत त्यांच्याकडून चुकीचा ट्रे वर गेल्याचं कुणालाही आठवत नव्हतं. त्यांचा फोटो मात्र कुठल्या भिंतीवर नव्हता. वरच्या एका मोठ्या सर्जनने तर एकदा लिफ्टमध्ये त्यांना सफाई कामगार समजून, ही पिशवी जरा खाली टाका म्हणून सांगितलं होतं. मास्तरांनी ती नेऊन टाकली. ही हकीकत त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही, लिफ्टवाल्याने सांगितली म्हणून कळली.

त्यांची पद्धत अशी. ट्रे लावायला दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने यादीतलं नाव घ्यायचं, दुसऱ्याने त्या हत्याराला बोट लावून 'आहे' म्हणायचं. वाकडी कात्री. आहे. लहान चिमटे, दोन. आहे, आहे. आणि या पद्धतीत एक गोष्ट होती, ती सिस्टरने दुसऱ्या कुठल्याही इस्पितळात पाहिली नव्हती. कुणालाही, कधीही, 'माझं लक्ष नव्हतं' असं म्हणता यायचं. म्हटलं, की लावलेला ट्रे टेबलावर ओतायचा आणि दुसऱ्या जोडीने पहिल्यापासून मोजायचा. का नव्हतं, कुठे होतं, हे विचारायचं नाही. तोंड वाकडं करायचं नाही. वहीत नाव लिहायचं नाही. ट्रे गुंडाळून झाला असला तरी चालेल, यंत्रात गेला असला तरी चालेल.

पहिल्याच दिवशी एका कामगाराने हे तीनदा म्हटलं. हा माणूस वर एक दिवस टिकणार नाही, असं सिस्टरच्या मनात आलं.

तिने मात्र खाली आल्या आल्या धडाका लावला. बाकीच्या जोड्यांचे दिवसाला आठ ट्रे व्हायचे, तिच्या जोडीचे चौदा. समोर बसणाऱ्या बाईंना तिच्या वेगाने धाप लागायची. सिस्टर मास्तरांच्या शाबासकीची वाट बघत होती, कारण शाबासकीशिवाय तिला चैन पडायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात मास्तर तिच्यापाशी आले आणि म्हणाले, सिस्टर, तुमच्या जोडीदारणीला पाणी प्यायला तरी वेळ देत जा. एवढंच.

तिला ते झोंबलं. तिने सुचवलं, की कोण दिवसाला किती ट्रे करतो याचा एक तक्ता भिंतीवर लावू या, माणसं आपोआप हात उचलतील. मास्तर म्हणाले, लावा की. फक्त 'लक्ष नव्हतं' किती वेळा म्हटलं त्याचाही एक रकाना करा. त्या रकान्यात ज्याच्या नावापुढे शून्य येईल, त्याची मला काळजी वाटेल. सिस्टरने मनातल्या मनात स्वतःचा आकडा पाहिला आणि तक्त्याचा विषय पुन्हा काढला नाही.

खरं सांगायचं तर हा माणूस आयुष्यात काही झाला नाही, असंच तिला सुरुवातीला वाटलं होतं. पाच वाजले की ते हात धुवायचे, बाह्यांची बटणं लावायचे आणि निघायचे, आणि निघताना कधी घाईत दिसले नाहीत. पण हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं, की ते ज्या टेबलाजवळ उभे राहतात तिथे ते पूर्ण उभे असतात. त्यांच्याशी बोलताना ते दाराकडे बघत नाहीत. कात्री उजेडात धरली की तेवढा वेळ जगात ती कात्रीच असते. वर तिने मोठमोठी माणसं पाहिली होती, परदेशी जाऊन आलेली, सभा गाजवणारी. असं काम करणारा माणूस तिने पाहिला नव्हता, आणि हे कबूल करायला तिला चार महिने लागले.

पाचव्या महिन्यात बातमी आली, की मेट्रनबाई निवृत्त होणार. सगळ्या परिचारिकांच्या वरची जागा ती. शुक्रवारी मुलाखती, आणि यादीत पहिलं नाव सिस्टरचं. तळघराचं काय, तब्येतीचं कारण होतं, ते संपतच आलं होतं. सिस्टरच्या वडिलांनी, आप्पांनी, ही बातमी इमारतीच्या चारही मजल्यांवर पोचवली. आप्पांची सगळी नोकरी कारकुनाच्या एकाच खुर्चीवर गेली होती. फोनवर ते आता हॅलोऐवजी 'बोला मेट्रनसाहेब' म्हणायला लागले. सिस्टरलाही ती जागा हवी होती. हवी नव्हती असं सांगून तिला उगाच मोठं करण्यात अर्थ नाही. एकोणीस वर्षं ती त्या खुर्चीच्याच दिशेने चालत आली होती.

त्या आठवड्यातल्या सोमवारची गोष्ट. वर एका लहान मुलाचं ऑपरेशन होतं. त्यासाठी तयार ठेवलेल्या ट्रेचं कापड फाटलेलं निघालं, म्हणून दुसरा ट्रे तातडीने हवा होता. लहान मुलांची हत्यारं नाजूक असतात, बोटभर लांबीची. एकूण त्रेचाळीस. सिस्टरने नि तिच्या जोडीदारणीने तो लावला, गुंडाळला, यंत्रात ठेवला. दार लागलं, वाफ सुरू झाली. आणि सिस्टरच्या ध्यानात आलं, की यादी अर्धी झाल्यापासून आपण शुक्रवारच्या मुलाखतीत बसलो होतो. आपण 'आहे, आहे' म्हणत गेलो, पण कशाला आहे म्हटलं ते आठवत नाही.

ट्रे बरोबर असणार, याबद्दल तिला जवळजवळ शंका नव्हती. तिचे हात चुकत नसत. वरून फोन दोनदा येऊन गेला होता. टेबलावर भूल द्यायला थांबलेलं मूल, बाहेर त्याचे आईबाप, आणि मुलाखत चार दिवसांवर. पाच महिन्यांत तिने ते तीन शब्द एकदाही उच्चारले नव्हते.

"माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

कुणी मान वर केली नाही. मास्तर उठले, यंत्र बंद केलं, वाफ सुटेपर्यंत थांबले आणि ट्रे काढून टेबलावर आणला. फोन पुन्हा वाजला. सर्जनचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू येत होता, तळघरातल्या लोकांच्या अकलेचा उद्धार चालला होता. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाळीस मिनिटं लागतील, साहेब. मी थांबवलाय." मग रिसीव्हर ठेवून त्यांनी दुसऱ्या जोडीला बसायची खूण केली.

त्रेचाळीस निघाली. सगळी बरोबर, सगळी आपापल्या जागी. सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उगाच सगळ्यांचा खोळंबा केला, असं ती पुटपुटली.

"आता किती आहेत?" मास्तरांनी विचारलं.

"त्रेचाळीस."

"आणि मघाशी?"

"त्रेचाळीसच होती."

"मघाशी तुम्हाला तसं वाटत होतं. आता आपल्याला माहीत आहे," मास्तर म्हणाले. "हे दोन वेगळे असतात, म्हणून तर आपल्याला पगार देतात."

ट्रे वर गेला. मुलाचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं दुपारी कळलं. चहाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेले, तेव्हा सिस्टर मास्तरांसमोर जाऊन बसली आणि तिने तीस गॉजची गोष्ट सांगून टाकली. सात महिन्यांत पहिल्यांदा. मास्तर तिला दिलासा देतील, 'होतं असं माणसाचं' म्हणतील, असं तिला वाटलं. ते कपाकडे बघत राहिले.

"गॉज एक्स-रेत दिसतं ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दिसतं. प्रत्येकात तसा धागा घातलेला असतो."

"मग?"

"शुक्रवारी मुलाखत आहे, मास्तर."

"ऐकलंय," ते म्हणाले.

तिने विचारलं, की इथली ही 'लक्ष नव्हतं' म्हणायची पद्धत कुणी सुरू केली. मास्तर म्हणाले, की त्यांनीच. तरुण असताना त्यांना एकदा असंच काहीतरी बोलायचं होतं, पण बोलायच्या आधीच का आणि कसं विचारणारे फार होते, म्हणून ते बोलले नाहीत. तेव्हा काय झालं होतं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि सिस्टरनेही विचारलं नाही. त्या खोलीत तसं विचारत नसत.

मंगळवार आणि बुधवार तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. नवऱ्याला बुधवारी रात्री सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, की उद्या लवकर निघायचं का, स्कूटर मी चालवतो. आप्पांना सांगितलं, तर आप्पा भडकले. त्यांचं म्हणणं काही अगदीच खुळं नव्हतं. सात महिने झाले, बाईला काही झालं असतं तर ती आली नसती का? नसतं उकरून काढू नकोस. आधी मेट्रन हो, मग त्या खुर्चीत बसून काय नियम करायचे ते कर, सगळ्यांचं भलं कर. आप्पा बोलता बोलता हळवे झाले. म्हणाले, "पोरी, आमच्या घराण्यात कुणाच्या दारावर पाटी लागली नाही गं."

सिस्टरला हे पटलं. अगदी मनापासून पटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. शुक्रवार गेल्यावर बोलू, असं म्हणत ती झोपायला गेली, आणि सकाळी उठली तर पहिला आकडा तीसच आला. त्या बाईंच्या पोटात काही असेल, तर आज सात महिने आणि तीन दिवस झाले, असा तिने हिशेब केला. शुक्रवारनंतर ते कमी होणार नव्हते.

गुरुवारी दहा वाजता ती मेट्रनबाईंच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मेट्रनबाईंनी चष्मा काढला. बाई कडक होत्या, पण दगड नव्हत्या, आणि सिस्टरला त्यांनीच घडवलं होतं. त्या म्हणाल्या, "मी दोन मिनिटं बाहेर जाऊन येते. परत आले आणि तू इथे नसलीस, तर तू आली होतीस हे मला आठवणार नाही."

त्या गेल्या. दाराला लावलेला पडदा हलत राहिला. सिस्टरच्या पायांना दार खुणावत होतं, हे नाकारता येणार नाही. अशा वेळी पळून जाणाऱ्यालाही कुणी नावं ठेवू नयेत. पण ती उभी होती ती खुर्चीत बसली, आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिली. मेट्रनबाई परत आल्या तेव्हा ती तिथेच होती. त्या आपल्या खुर्चीत जड होऊन बसल्या आणि त्यांनी फोन उचलला.

धाकटीला बोलावलं. त्या दिवशी तू स्वतः मोजल्या होत्यास का, असं विचारल्यावर ती रडायला लागली. सिस्टरने म्हटल्यावर मी कशाला मोजू, ती म्हणाली. तिला वाटत होतं तो आदर होता. यादीतून सिस्टरचं नाव त्याच दुपारी निघालं. चौकशी पूर्ण होईपर्यंत म्हणून मुलाखतीही सोमवारवर ढकलल्या गेल्या. सिस्टर जायला उठली तेव्हा मेट्रनबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "इतक्या वर्षांत असं सांगायला माझ्याकडे कुणी आलं नाही. म्हणजे असं कधी झालंच नसेल, असं मी समजत आले." त्या हे सिस्टरला सांगत होत्या की स्वतःला, कोण जाणे.

तळघरात बातमी तिच्या आधी पोचली होती. कुणी काही विचारलं नाही. मास्तरांनी तिच्यापुढे यादी ठेवली आणि जोडीदारणीला बसायला सांगितलं. त्या दिवशी सिस्टरने दोनदा 'लक्ष नव्हतं' म्हटलं. ट्रे झाले सात.

शनिवारी त्या बाई एक्स-रेला आल्या. बाई मोटार चालवायला शिकवायच्या. पंचावन्नच्या आसपास, आखूड केस, आणि शिकाऊ लोकांवर ओरडून ओरडून कमावलेला खणखणीत आवाज. तुझं तिथे काही काम नाही, असं मेट्रनबाईंनी सांगितलं होतं, तरी सिस्टर गेली. मीच ती, असं तिने सांगितलं.

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सात महिने तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही खुशाल झोपत होतात?"

"झोपत नव्हते. पण बोललेही नाही."

बाई आत गेल्या. बाहेरच्या बाकावर सिस्टर एकटी बसली. समोर फरशीवर ऊन पडलं होतं, त्यात कुणीतरी सांडलेलं पाणी वाळत होतं. ते पूर्ण वाळेपर्यंत ती त्याच्याकडेच बघत होती. मग एक्स-रेचे डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, काही नाही. पोट अगदी स्वच्छ आहे. एक धागासुद्धा नाही. म्हणजे तीस हे खरंच तीस होते.

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. ती ओंजळीत तोंड धरून रडली, आणि येणारेजाणारे बघत होते याची तिला लाज वाटली नाही.

बाई कपडे बदलून आल्या तेव्हा राग निवळला होता, पण पुरता गेला नव्हता. त्या तिच्या शेजारी बाकावर बसल्या. म्हणाल्या, की त्यांच्या धंद्यात हे रोजचं आहे. वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस घरी पोचतो आणि मधले चार चौक त्याला आठवत नाहीत. अपघात होत नाही, म्हणून तो स्वतःला हुशार समजतो. त्या स्वतःही तशा घरी पोचल्या आहेत, कितीदा. पण कुणाला जाऊन सांगितलं नाही, आणि सांगायचं असतं हे सुचलंही नाही.

एवढ्यात धाकटी धावत आली. तिचा चेहरा फुलला होता. एक्स-रे स्वच्छ आल्याचं वर कळलं होतं, चौकशी मिटली होती. मेट्रनबाईंनी निरोप दिला होता, की सोमवारची यादी बाराला वरच्या कार्यालयात जाते. ताबडतोब वर ये, नाव पुन्हा घालते. बाराला दहा मिनिटं कमी होती. सिस्टर उठली. ते पाय एकोणीस वर्षांच्या सवयीचे होते, ते आपोआप उठले.

"जाताय?" बाईंनी विचारलं. "एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी मला आत नेलं तेव्हा मी फार घाबरले होते. माझं कुणी बरोबर नव्हतं. भूल द्यायच्या आधी तुम्ही येऊन माझा हात धरलात. तो तरी आठवतो का?"

सिस्टर आठवायला लागली. तिने अगदी जीव तोडून आठवलं. टेबल आठवलं, दिवा आठवला, यादी आठवली. खोटं बोलणं सोपं होतं, आणि बाईंना बरं वाटलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "नाही आठवत."

बाईंनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं.

"मला त्या दिवसाचं तेवढंच आठवतं," त्या म्हणाल्या.

धाकटी जिन्याशी उभी राहून घड्याळ दाखवत होती. सिस्टर त्या बाईंकडे बघत राहिली. तीन बक्षिसं, भिंतीवरचा फोटो, अकरा वर्षांच्या न घेतलेल्या रजा, या सगळ्यांची कारणं कागदावर लिहिलेली होती आणि ती तिला पाठ होती. तिने केलेल्या कामातलं जे एका माणसाने सात महिने जपून ठेवलं होतं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि ते करताना ती स्वतः तिथे नव्हती. असं आणखी किती झालं असेल, असा विचार तिच्या मनात आला. किती हात धरले असतील, आणि त्यातले आपल्याला किती आठवतात?

"मेट्रनबाईंना सांग, नाव घालू नका," तिने धाकटीला सांगितलं. "मी खालीच बरी आहे. अजून मला बरंच शिकायचंय. आणि रागावल्या तर म्हणावं, संध्याकाळी मी स्वतः येऊन सांगेन."

धाकटी उभीच राहिली. सिस्टरने तिला पुन्हा एकदा, हळू आवाजात, जा म्हणून सांगितलं, तेव्हा ती गेली. मग सिस्टर बाकावर परत बसली आणि बाईंकडे वळली.

"कसा धरला होता?" तिने विचारलं. "मला दाखवाल?"

बाईंनी तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, अंगठा तिच्या मनगटावर ठेवला आणि हळूच दाबून दाखवला.